लाइटनिंग वॉलेट मराठीत आणताना अडलेला एक शब्द : 'पैसा ग्यात का नही?'

तापीकाठचा_टेस्टर (चोपडा)

राम राम मंडळी,

चोपड्यात घरी बसून मी मोबाइल ॲपं तपासायचं काम करतो. गेले तीन महिने रात्रीची जेवणं झाली की एका मुक्तस्रोत लाइटनिंग वॉलेटचं, म्हणजे बिटकॉइन झटपट पाठवायच्या ॲपचं, मराठी भाषांतर करत बसतो. बहुतेक झालं आहे. 'पाठवा', 'घ्या', 'शिल्लक' यात डोकं लागत नाही. अडलंय ते एकाच पडद्यावर.

आधीच सांगतो, बिटकॉइन घ्यावं का आणि भाव कुठे जाईल हे इथे विचारू नका. मला माहीत नाही, आणि ज्याला माहीत असेल तो असले धागे काढत बसणार नाही.

झालं असं. शिंदखेड्याचे मामा आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) घरी आले होते. साठी उलटलेली, कापूस-मका करतात, यूपीआय सराईतासारखं चालवतात. तपासणीला असा माणूस मिळणं म्हणजे घबाडच. त्यांच्या फोनवर वॉलेट टाकलं, चॅनेल (म्हणजे काय ते खाली सांगतो) उघडायचा खर्च मी सोसला, आत २० हजार सातोशी ठेवले. (१ बिटकॉइन म्हणजे १० कोटी सातोशी, म्हणजे हा त्याचा पाच हजारावा हिस्सा.) माझ्या फोनवर बिलाची क्यूआर चौकट काढून दाखवली, मामांनी ती स्कॅन केली आणि मी फोन खिशात टाकला. मामांनी 'पाठवा' दाबलं. चाक फिरायला लागलं. एरवी दोन-तीन सेकंदांत काम होतं. त्या दिवशी दोन मिनिटं झाली तरी चाक फिरतंच. खाली एकच शब्द, तोही मीच लिहिलेला : 'प्रलंबित'.

मामा म्हणाले, "भाचा, हाई काम तलाठीकडे शे का? पैसा ग्यात का नही ग्यात?"

पैसे गेले की नाही गेले? मला उत्तर देता येईना. कारण त्या क्षणी खरंच दोन्हीतलं काही झालेलं नव्हतं.

ज्यांना लाइटनिंग माहीत नाही त्यांच्यासाठी. बिटकॉइनच्या मुख्य वहीत साधारण दर दहा मिनिटांनी एक पान भरतं, आणि त्या पानावर जागा मिळवायला पैसे मोजावे लागतात. जोसेफ पून आणि थॅडियस ड्रायजा या दोघांनी २०१५ मध्ये त्यावर एक तोड मांडली आणि २०१८ पासून ती प्रत्यक्ष वापरात आली. आडत्याकडचं खातं डोळ्यांपुढे आणा. वर्षभर उचल, जमा, उचल, जमा, आणि शेवटचा हिशेब एकदाच. तसंच इथे दोघं मिळून काही रक्कम दोन किल्ल्यांच्या कुलपात टाकतात. त्याला चॅनेल म्हणतात. मधले व्यवहार दोघांच्या खासगी पानावर, मुख्य वहीत नोंद फक्त खातं उघडताना आणि मिटवताना. आडत्याच्या खात्यात आणि यात एक मोठा फरक : जुनं पान दाखवून फसवायला गेलात तर चॅनेलमधली सगळी रक्कम समोरचा घेऊन जातो. आपल्या बाजारात ही सोय असती तर!

माझं आणि मामांचं थेट चॅनेल नाही. त्यांचं त्यांच्या सेवादात्याशी (चॅनेल पुरवणाऱ्या कंपनीशी), माझं माझ्या. पैसे मधल्या तीन-चार कड्यांतून जातात. प्रत्येक कडी रक्कम धरून ठेवते, आणि शेवटच्या माणसाने गुप्त आकडा उघड केला की सगळे हात मोकळे होतात. आकडा आला तर पूर्ण रक्कम पोचते, नाही आला तर पूर्ण रक्कम परत येते. पण मधला किंवा शेवटचा कोणी गप्प बसला, तर ठरलेली मुदत संपेपर्यंत पैसे ना इकडे ना तिकडे. बहुतेक वेळा हे सेकंदात सुटतं. क्वचित तास लागतात, फारच वाईट नशीब असेल तर दिवस.

त्या दिवशी कोणती कडी गप्प होती? माझीच. फोनच्या बॅटरी-बचतीने वॉलेट झोपवलं होतं. मामांनी मग कोणीही करेल तेच केलं. "दुसरं बिल दे" म्हणाले. मी ॲप उघडलं, नवं बिल काढलं, त्यांनी भरलं. मी ॲप उघडताक्षणी माझा फोन जागा झाला आणि पहिलेही पैसे आत आले. दोनदा भरणा.

एकच बिल वॉलेट सहसा दोनदा भरू देत नाही. पण दुसरं बिल म्हणजे यंत्रणेसाठी दुसराच व्यवहार. घरात होतो म्हणून हसलो. गिऱ्हाईक आणि दुकानदार असते तर भांडण.

तर माझं म्हणणं असं आहे : वॉलेट सोपं आहे की नाही हे पैसे झटकन गेल्यावर कळत नाही, ते या मधल्या दोन मिनिटांत कळतं. 'प्रलंबित' सरकारी आहे. 'प्रक्रिया सुरू आहे' यातून काही कळत नाही. 'अडकले' लिहिलं तर माणूस घाबरतो. 'अयशस्वी' तर खोटंच. तुम्ही काय लिहाल?

---

भरीत_पार्टी (जळगाव)

वाचतोय. पण मूळ प्रश्न : यूपीआय असताना हा खटाटोप कशाला? भरताच्या वांग्यांचे पैसे मी स्कॅन करून देतो, फुकट, दोन सेकंदांत.

---

तापीकाठचा_टेस्टर

वांग्यांसाठी नकोच. त्यात वाद नाही. मला बाहेरच्या मुक्तस्रोत प्रकल्पांकडून कधी दहा डॉलर, कधी पंधरा डॉलर येतात, एखादी चूक शोधून दिली म्हणून. बँकेमार्फत मागवले तर दोन्हीकडच्या शुल्कात निम्मे जिरतात. तेवढ्यापुरता उपयोग.

---

आकडेमोड (धुळे)

करसल्लागार म्हणून एक प्रतिसाद टाकून ठेवतो, नंतर कोणी म्हणायला नको. रिझर्व्ह बँकेचं ६ एप्रिल २०१८ चं परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी रद्द केलं. त्यामुळे जवळ बाळगणं गुन्हा नाही, पण हे कायदेशीर चलनही नाही. १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर सरसकट ३० टक्के कर, वर अधिभार-उपकर, आणि एकातला तोटा दुसऱ्यातून वजा करता येत नाही. १ जुलै २०२२ पासून ठरावीक मर्यादेपुढच्या व्यवहारांवर १ टक्का टीडीएस. लाइटनिंगने चहा पाजलात तरी कायद्याच्या नजरेत ते हस्तांतरणच, त्याचा खरेदीभाव-विक्रीभाव मांडावा लागेल. कामाचा मोबदला म्हणून आलं तर त्या दिवशीच्या भावाने ते उत्पन्न, ते वेगळं. आणि परदेशातून कामाचे पैसे बँकेबाहेरून आले तर फेमाचाही (परकीय चलनाच्या कायद्याचा) प्रश्न येतो. टेस्टरभाऊ, तुमच्या दहा-पंधरा डॉलरांची वही नीट ठेवा.

---

तापीकाठचा_टेस्टर

ठेवतो. वॉलेटमध्ये त्या वेळच्या रुपयातल्या किमतीसह यादी बाहेर काढायची सोय आहे. ते बटण तीन पायऱ्या आत दडलंय, ही तक्रार नोंदवून आलोय.

---

हुंडीवाले_काका (धुळे)

पोरा, तुझा गुप्त आकडा वाचून जुनं आठवलं. अंगडियाकडे रक्कम दिली की तो दहाच्या नोटेचा नंबर सांगायचा. पलीकडच्या गावी तीच नोट दाखवेल त्याला रक्कम. नोट नाही तर पैसा नाही, मग तो माणूस सख्खा भाऊ का असेना. तिथला माणूस नोट ठेवून घ्यायचा आणि तीच दाखवून आपला हिशेब वसूल करायचा. तुझ्या कड्या हेच करतात असं दिसतं.

फरक एवढाच की अंगडियाचा माणूस रस्त्यात गाठला गेला तर पैसा बुडायचा. तुझ्याकडे मुदत संपली की परत येतो. मग 'अडकले' का लिहितोस? 'बुडालेले नाहीत' हे आधी लिही.

---

तापीकाठचा_टेस्टर

काका, हे मला सुचलंच नव्हतं. आम्ही व्यवहाराची अवस्था सांगत बसलो. माणसाला आधी स्वतःचा जीव भांड्यात पडायला हवा असतो.

---

पाच_किलो_वांगी (बामणोद)

माझी तक्रार वेगळी. मित्राने गंमत म्हणून २ हजार सातोशी पाठवले. नवंकोरं वॉलेट, माझ्या किल्ल्या माझ्याकडे, कंपनीकडे नाहीत, सगळं सांगितलं तसं. पैसे आलेच नाहीत. एकदा 'शुल्कापेक्षा रक्कम कमी' असं काहीतरी इंग्रजीत आलं. फुकट पैसे घ्यायलाही पैसे लागतात हे पहिल्यांदा पाहिलं.

---

इन्व्हर्टरवरचा_नोड (नंदुरबार)

याचं उत्तर माझ्याकडे आहे, कारण वर्षभर हेच भोगलंय. घरी छोट्या संगणकावर नोड, म्हणजे लाइटनिंगच्या जाळ्यातली एक कडी, चालवतो, इन्व्हर्टरच्या जोरावर. वीज गेली की बायको विचारते पंखा की नोड. असो.

घ्यायलाही जागा लागते. चॅनेल म्हणजे दोन टोकांच्या मधली नळी समजा. पाणी तुमच्या टोकाला असेल तर तुम्ही देऊ शकता, पलीकडे असेल तर घेऊ शकता. नव्या माणसाकडे नळीच नसते. ती घालायला मुख्य वहीत नोंद, नोंदीला शुल्क. शुल्क गर्दीवर ठरतं. २० एप्रिल २०२४ ला हाल्विंग (नव्या पानामागे मिळणारं बक्षीस निम्मं होणं) झालं त्या दिवशी ते इतकं भडकलं होतं की लहान चॅनेल उघडणं म्हणजे चाराण्याची कोंबडी, बाराण्याचा मसाला.

पूर्वी जागा संपली की दुसरं चॅनेल, मग तिसरं. आता स्प्लायसिंग आलंय, म्हणजे आहे तीच नळी रुंद करता येते. फ्रान्सच्या असिंक कंपनीने फिनिक्स वॉलेटमध्ये २०२३ साली ते आणलं, तेव्हापासून वापरणाऱ्याला एकच शिल्लक, एकच चॅनेल. मी नोड चालवतो, तरी खिशातल्या फोनवर तसलंच काहीतरी ठेवतो. नोडचा अभिमान वेगळा, दुकानात उभं राहून घाम पुसणं वेगळं.

पण वांगीभाऊंच्या बाबतीत चूक वॉलेटचीच. 'पहिल्यांदा घेताना खातं उघडायचा खर्च सुमारे इतका, त्यापेक्षा मोठी रक्कम मागवा' हे चौकट काढायच्या आधी दिसायला हवं. नंतर सांगून काय उपयोग?

---

भरीत_पार्टी

मग ते दुसरे वॉलेट असतात ना, ज्यात कंपनीच सगळं सांभाळते? चॅनेल नाही, वॉलेट परत मिळवायचे ते बारा शब्द नाहीत. माझ्या पुतण्याकडे आहे, एकदम मक्खन चालतं.

---

इन्व्हर्टरवरचा_नोड

चालणारच. कंपनीच्या वहीत एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात आकडा जातो, त्यात अडकणार काय? जळगावात राहून पतसंस्थेत अडकलेल्या ठेवींची गोष्ट मी तुम्हाला सांगावी का?

---

भरीत_पार्टी

नका सांगू. वडिलांची पावती अजून कपाटात आहे.

---

पंचनामा (शिरपूर)

सगळं ठीक, पण हे 'खासगी' प्रकरण मला पटत नाही. ज्याचा व्यवहार स्वच्छ त्याला लपवायचं काय? खासगी वॉलेट म्हणजे काळ्या पैशाला वाट.

---

आखाजीचा_झोका (अमळनेर)

पंचनामा, तुम्ही तुमचं पासबुक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावता का?

मी शिवणकाम करते. माझ्या आईने पिठाच्या डब्यात पैसे ठेवले, तिच्या आईने चोळीच्या गाठीत. तो काळा पैसा नव्हता, तिचा होता. मला लपवायचंय ते सरकारपासून नाही, कर भरायला माझी ना नाही. मला लपवायचंय ते घरात फिरणाऱ्या फोनपासून. एकच फोन मुलगा अभ्यासाला घेतो, सासरे कीर्तन बघायला घेतात. आणि वर पट्टीवर झळकतं : अमुक रुपये जमा झाले. झालं, संध्याकाळपर्यंत दोन मागण्या हजर.

तुम्ही सगळे कड्या, आकडे बोलताय. माझ्यासाठी खासगी म्हणजे ही वरची पट्टी. रक्कम तिथे दिसू नये, ॲप उघडल्यावर शिल्लक झाकलेली असावी, आणि ॲपला वेगळं कुलूप असावं. आहे का हे तुमच्या वॉलेटमध्ये?

---

तापीकाठचा_टेस्टर

ताई, शिल्लक झाकता येते. कुलूप आहे. पट्टीवर मात्र रक्कम दिसते, आणि बंद करायची सोय शोधली तर सापडली नाही. ही गोष्ट आजवर एकाही तपासणीत माझ्या डोळ्यांना दिसली नाही, हे कबूल करतो.

---

इन्व्हर्टरवरचा_नोड

ताईंचा मुद्दा वर ठेवून तांत्रिक बाजूही सांगतो, कारण 'लाइटनिंग खासगी असतं' हे अर्धसत्य आहे.

पैसे कांद्यासारख्या थरांत गुंडाळून जातात. मधल्या कडीला फक्त आधीचा आणि पुढचा शेजारी दिसतो, मूळ कोण आणि शेवट कोण हे नाही. पाठवणाऱ्यासाठी हे चांगलं. घेणाऱ्याचं तसं नाही. नेहमीच्या बिलात त्याच्या नोडची ओळख लिहिलेली असते. बारावा बोल्ट (बोल्ट म्हणजे लाइटनिंगच्या नियमावलीतलं प्रकरण) म्हणून जो नवा नियम २०२४ मध्ये ठरला, त्यात शेवटचा रस्ता झाकता येतो आणि एकच चौकट पुन्हापुन्हा वापरता येते. दुकानावर छापून चिकटवायला तीच बरी.

आता मोबाइलची गोम. फोन सगळ्या कड्यांचा इतका मोठा नकाशा सांभाळू शकत नाही, म्हणून कित्येक वॉलेटं रस्ता शोधायचं काम सेवादात्याकडे सोपवतात. मग पैसे कुणाला आणि किती, हे त्या सेवादात्याला कळतं. फिनिक्सवाले हे स्वतःच लिहितात, लपवत नाहीत. पैसे त्यांना घेता येत नाहीत, पण दिसतात. आणि ईमेलसारखा दिसणारा जो लाइटनिंग पत्ता असतो, त्यामागे एक सर्व्हर बसलेला असतो, येणारी प्रत्येक रक्कम त्याच्या नजरेखालून जाते.

म्हणजे सोपेपणा हवा तर कुणालातरी काहीतरी दाखवावं लागतं. वॉलेटने ते पहिल्याच पडद्यावर सांगावं : 'तुमचे पैसे आम्ही घेऊ शकत नाही. तुम्ही कुणाला पाठवता ते आम्हाला दिसतं.' दोन वाक्यं. माणूस ठरवेल.

---

पंचनामा

झोकाताई, फळ्याचं उदाहरण लागलं. मागे घेतो. पण नोडभाऊ, ही दोन वाक्यं लिहिणारी कंपनी दाखवा, हार घालायला मी येतो.

---

शाईचा_डाग (पारोळा)

बारा शब्दांबद्दल कोणी बोललं नाही. ते शब्द २०४८ शब्दांच्या ठरलेल्या यादीतून येतात. यादी इंग्रजीत आहे, जपानी, कोरियन, फ्रेंच, झेकमध्येही आहे, पण मराठी-हिंदीत नाही. आमच्या अण्णांनी शब्द वहीत लिहून घेतले, सुंदर अक्षरात, देवनागरीत. त्यात एक 'राइट'. आता हा उजव्या हाताचा राइट की लिहिण्याचा राइट? यादीत दोन्ही आहेत. 'वेअर'चंही तेच, अंगावर घालायचा आणि 'कुठे' विचारायचा, दोन्ही हजर.

---

इन्व्हर्टरवरचा_नोड

बाप रे. आणि गंमत अशी की चुकीचा शब्द टाकला तर वॉलेट दर वेळी ओरडेलच असं नाही. बारा शब्दांत पडताळणीला फक्त चार बिट (शून्य-एकचे चार अंक) असतात, म्हणजे सोळात एखाद्या वेळी चुकीचाही संच बरोबर ठरतो आणि रिकामं वॉलेट उघडतं. माणसाला वाटणार चोरी झाली.

---

तापीकाठचा_टेस्टर

शाईभाऊ, हे वाक्य आजच बदलतो : 'शब्द इंग्रजी अक्षरांतच लिहा. निदान पहिली चार अक्षरं तरी.' त्या यादीत पहिल्या चार अक्षरांवरून शब्द ओळखता येतो, तशीच ती बनवली आहे.

अजून एक राहिलं. काही वॉलेटांत बारा शब्दांनी फक्त मुख्य वहीतले पैसे परत येतात, चॅनेलच्या हिशेबाची नक्कल वेगळी ठेवावी लागते. आमचं वॉलेट ती स्वतःहून कुलूपबंद करून सेवादात्याकडे ठेवतं. मी आधी तिथे 'बॅकअप पूर्ण' एवढंच लिहिलं होतं. कसला बॅकअप, कुठे, काही नाही.

---

जंक्शन_बाबू (भुसावळ)

उशिरा आलो, रात्रपाळी होती. पस्तीस वर्षं रेल्वेत गेली, त्यामुळे तुमचा मूळ शब्द मला रुळावर दिसतो.

गाडी आमच्या स्टेशनातून सुटली आणि पुढच्या स्टेशनात पोचली नाही, त्या मधल्या वेळेला आम्ही 'गाडी सेक्शनमध्ये आहे' म्हणतो. ती हरवलेली नाही, पोचलेली नाही, आणि त्यात कुणाला घाबरायचं कारण नाही. पण एक नियम पक्का : पुढच्या स्टेशनकडून ती पूर्ण आत आल्याची खबर येईपर्यंत मागून दुसरी गाडी सोडायची नाही. कितीही उशीर होवो, प्रवासी कितीही ओरडोत.

तुमच्या मामांनी दुसरी गाडी सोडली.

तेव्हा अवस्थेला शब्द कोणता ते नंतर बघा. आधी 'दुसरं बिल भरू नका' हे लिहा. आणि जमलं तर पहिली वाटेत असताना त्याच माणसाचं तेवढ्याच रकमेचं बिल आलं, तर ॲपने सिग्नल लाल करावा.

---

हुंडीवाले_काका

वा बाबू. तीन महिन्यांचं काम पाळी संपता संपता केलंत.

---

तापीकाठचा_टेस्टर

बाबूजी, लाल सिग्नलची सूचना विकसकांकडे टाकली. एकाने लगेच विचारलं, 'सेक्शन' म्हणजे काय? भुसावळचं आख्खं यार्ड इंग्रजीत समजावून आलो.

काल रात्री पडदा असा लिहिला :

'पैसे वाटेत आहेत. बुडालेले नाहीत : पोचतील किंवा पूर्ण परत येतील. तोवर दुसरं बिल भरू नका. समोरच्याला त्याचं वॉलेट उघडायला सांगा.'

शेवटचं वाक्य माझ्या अनुभवाचं. निम्म्या वेळा तेवढ्यानेच काम होतं. दोन मिनिटांनंतर खाली आणखी एक ओळ येते : पैसे जास्तीत जास्त कधीपर्यंत परत येतील ती तारीख-वेळ. ती माहिती वॉलेटकडे आधीपासून होती, दाखवत नव्हतं इतकंच.

---

भरीत_पार्टी

'वाटेत आहेत' छान. अहिराणीत 'वाटमा शेतस' करा की.

---

शाईचा_डाग

मग रावेर-यावलवाले लेवा गणबोलीत मागतील, नंदुरबारवाले भिलीत. करा, करा, टेस्टरला रात्री काम नाही.

---

आखाजीचा_झोका

पडदा आवडला. वरच्या पट्टीचं काय झालं?

---

तापीकाठचा_टेस्टर

ताई, मागणी नोंदवली, विकसकाने मान्य केली. आता पट्टीवर फक्त 'पैसे आले' येईल, रक्कम नाही. ज्याला रक्कम हवी तो सेटिंगमध्ये जाऊन चालू करेल.

---

आखाजीचा_झोका

'पैसे आले' पण नको ना हो. सासरे वाचतात.

---

तापीकाठचा_टेस्टर

बरं. 'नवी सूचना' चालेल?

---

आखाजीचा_झोका

चालेल. टेलिफोन कंपनीची वाटेल.